हसऱ्यांची फांदी

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या घाबरट भाचीचा वाकून नमस्कार. काकांनाही तोच, फक्त त्यांना मोठ्याने वाचून दाखव, कारण कानातलं यंत्र ते अजून खिशातच ठेवत असणार. तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग. मागच्या पत्रात ‘गुडघे झकास’ असं लिहिलंस, आणि तू जिन्यात बसकण मारून शेजारणीला हाका घातल्याचं मला त्या शेजारणीकडूनच कळलं. (ती मला फोन करते हे मी तुला सांगितलं असं तिला सांगू नकोस. मी तिलाही भिते.) इकडे आमचे चष्मेवाले, म्हणजे तुझे जावई, बरे आहेत. दिवसभर दुकानात लोकांना वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा करतात आणि घरी आल्यावर स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. एकूण सगळं ठीक आहे. निदान आता आहे. मधे नव्हतं, आणि ते का नव्हतं हे सांगायलाच बसले आहे. गॅसवर काही असेल तर बंद करून ये. मला थोडक्यात सांगता येत नाही. थोडक्यात सांगितलं की महत्त्वाचं तेच राहून गेलं असेल अशी धास्ती वाटते.

मी जन्माची भित्री, हे तुला नव्याने काय सांगू? लिफ्टला भिते, पालीला भिते, फोन वाजला की दचकते आणि बराच वेळ वाजला नाही की जास्त दचकते. प्राणिसंग्रहालयात नोकरी लागली तेव्हा सगळं घर पोट धरून हसलं होतं. मी मात्र पहिल्याच दिवशी हात जोडून पक्षी विभाग मागून घेतला. वाघाचा पंजा आणि चिमणीची चोच यांत शहाण्या माणसाने काय निवडावं, हे काय सांगायला पाहिजे? वाटलं, सुटले. पण भीतीला दात-नखं लागतातच असं नाही. आयुष्यातली सगळ्यांत मोठी भीती मला मुठीएवढ्या, आणि तेही सारखं हसणाऱ्या पक्ष्याने घातली.

आमच्याकडे त्यांना हसरे म्हणतात. साळुंकीपेक्षा चिमूटभर मोठे, डोक्यावर निळी टोपी, गळा पिवळाधमक आणि डोळ्यांवर काळी पट्टी (चोरीला निघाल्यासारखी). गातात तर असे, की ऐकणाऱ्याने हातातली बादली खाली ठेवावी. आणि गाणं संपलं की सगळे मिळून खदाखदा हसतात, जणू गाणं ही चेष्टाच होती. याच गाण्यापायी लोकांनी त्यांना जाळी लावून लावून धरलं, पिंजऱ्यात घालून विकलं, आणि राहती झाडं तोडली. आता जंगलात उरलेत ते सगळे एका बसमध्ये मावतील आणि कंडक्टरला आडवं व्हायला जागा उरेल. बाकीचे आमच्यासारख्यांच्या प्राणिसंग्रहालयांत. म्हणजे मावशी, बघ, सकाळी मी त्यांचं दार उघडून आत जाते तेव्हा माझ्या हातात जगातल्या हसऱ्यांचा एक मोठा वाटा असतो. आणि माझे हात कसे आहेत ते तुला माहीत आहे. तुझ्या घरचे किती कप माझ्या नावावर आहेत!

तर या हसऱ्यांच्या जोड्या आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या. राजाराणीचा संसार. पडदे लावलेले, लोकांना बंदी, मी स्वतः बूट काढून मोज्यांवर आत जायची. अंडी घालत, उबवत, पिल्लंही निघत. आणि मग एके दिवशी सकाळी पिल्लं खाली जमिनीवर असत. आईनेच टाकलेली. पहिल्यांदा मला वाटलं पडली असतील. पुढच्या खेपेला कॅमेरा लावला आणि साहेबांच्या खोलीत आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. ती घरट्याच्या काठावर उभी राहते, पिल्लाचा पाय चोचीत धरते, आणि मान बाहेर काढून सोडून देते. पुन्हा आत बघते. मी ते चित्र पुरतं पाहिलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. नंतर जमिनीवरून ती पिल्लं उचलायचं काम माझंच. नखाएवढी डोकी, मिटलेले डोळे. दर खेपेला दार उघडण्याआधी मी बाहेर उभी राहायची आणि किल्ली कुलपात जाता जायची नाही.

बैठका सुरू झाल्या. मोठे साहेब म्हणाले, खाणं चुकत असेल. डॉक्टरीणबाई (आमच्या पक्ष्यांच्या डॉक्टर, बोलायला फटकळ पण मनाने चांगल्या) म्हणाल्या, त्या आईला कसलीतरी धास्ती बसली आहे. कसली धास्ती, असं साहेबांनी विचारलं, आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्याच क्षणी चहाचा कप बशीवर ठेवताना सांडला, हा काही माझ्या बाजूचा साक्षीपुरावा झाला नाही. साहेब फार गोड बोलले. तुम्ही सारख्या दचकता, पक्ष्यांना ते कळत असणार, असं म्हणाले. मलाही नेमकं तेच वाटत होतं. घरी येऊन चष्मेवाल्यांना म्हटलं, माझ्या भित्रेपणाने एक अख्खी जात जगातून जाणार. ते म्हणाले, आधी जेवून घे. मी जेवले नाही. मावशी, मी कित्येक गोष्टींना भ्यायले आहे, पण स्वतःला त्याआधी कधी भ्यायले नव्हते.

शेवटी ठरलं की कोणीतरी जंगली हसरे राहतात तिथे जाऊन ते पिल्लं कशी वाढवतात ते बघून यावं. कोणी? डॉक्टरीणबाईंना रजा नाही. साहेबांची कंबर. पक्षी सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला सापाचं वावडं. (मलाही आहे, पण त्याने आधी सांगितलं.) तेव्हा मी निघाले. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसून, वळणावर त्याच्याऐवजी मीच ब्रेक दाबत, नदीकाठच्या एका लहानशा गावात पोचले.

मला वाटलं होतं घनदाट रान असेल, शांतता असेल, मोजे घालून फिरावं लागेल. प्रत्यक्षात हसऱ्यांचं घरटं शाळेच्या आवारातल्या एका अवाढव्य झाडावर! खाली दोनशे पोरांचा कालवा, पलीकडे ट्रकचा रस्ता, भिंतीला पाण्याचा पंप धडधडतोय, आणि वर हे महाशय गाऊन-हसून पोरांच्या वरताण गोंधळ घालतायत. मी दुर्बीण लावून खाली बसले आणि पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या धुमाकुळात जे पक्षी पिल्लं वाढवतात, त्यांचं माझ्या दचकण्याने काय बिघडणार? पण ती सुटका फार वेळ टिकली नाही. घरटं दाट पानांत होतं, खालून काही म्हणजे काही दिसेना. मान आखडली, हाती शून्य. शिवाय शाळेच्या मोठ्या बाई. राहायची सोय त्यांनीच शाळेमागच्या खोलीत केली होती. आवाज असा की त्या ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या तरी मला उठून अंगठे धरावेसे वाटत.

आणि एके दिवशी सकाळी आवारात वीज खात्याची गाडी येऊन उभी राहिली. पाळण्याची. तीच ती, टपावर लांब लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढी टोपली. एक वायरमन उतरला, दांडगा, मिशाळ, हातात करवत. हसऱ्यांची फांदी वाढून तारेला टेकली होती. वाऱ्याने घासली की ठिणग्या उडत, आणि त्या पोरांच्या डोक्यावर. फांदी तोडा म्हणून तक्रार केली होती ती मोठ्या बाईंनीच, आणि त्यांचं तरी काय चुकलं? मला जर पोरं सांभाळायची असती तर मी तार, झाड आणि नदी, तिन्हीबद्दल तक्रार केली असती.

पण त्या फांदीवर पिल्लं होती. मी खुर्चीवरून उठले. उठले म्हणजे काय, पाय आपापले उठले, मी मागून गेले. वायरमनच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “फांदी तोडू नका. वर घरटं आहे.”

“कुठंय? मला तर पानंच दिसतायत.”

“पानांच्या आत आहे.”

“बाई, झाड म्हटलं की घरटं असतंच. घरटी बघत बसलो तर गावात दिवा लागायचा नाही.”

“हे तसलं नाही हो. हे असे पक्षी जगात...” एवढं बोलले आणि माझा आवाजच गेला. डोळ्यांना धारा लागल्या. मोठ्या बाई व्हरांड्यातून बघत होत्या. पोरं खिडक्यांतून. वायरमन करवत खाली टेकवून म्हणाला, “रडू नका. चला, वर येऊन दाखवा. असेल तर बघू.”

मावशी, मला लिफ्ट चालत नाही. ती तरी चारी बाजूंनी बंद असते. पण नाही म्हणायला आवाज लागतो, आणि तो गेला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं, कमरेला पट्टा बांधला, आणि पाळणा वर निघाला. मी डोळे घट्ट मिटून कठडा धरला होता. (कठडा समजून मी वायरमनचा दंड धरला होता, हे नंतर कळलं. वळ उठलेले त्याने दाखवले.) फांदीपाशी पोचतो न पोचतो तोच पाळण्याने एक गचका खाल्ला, आणि थांबला. खालून ड्रायव्हर ओरडला, “पंप बसला!” मला वाटलं कोणीतरी बसलं. वायरमनने समजावून सांगितलं की पाळणा वर-खाली करणारा पंप बंद पडला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत आपण इथेच. एवढं सांगून तो मटकन खाली बसला. गुडघे पोटाशी. मिशा थरथरत होत्या.

“तुम्हाला पण भीती वाटते?” मी विचारलं. आवाज परत आला होता.

“पाळणा चालू असला की नाही वाटत,” तो म्हणाला. “अडकला की वाटते. खाली कोणाला बोलू नका.”

तेवढ्यात हसऱ्यांनी आम्हाला पाहिलं. पहिल्याने आरोळी दिली, आणि झाडाच्या कानाकोपऱ्यातून सगळा कुटुंबकबिला आमच्यावर चालून आला. हेल्मेटवर टकाटक चोची. आम्ही दोघं टोपलीच्या तळाशी, डोकं डोक्याला लावून, एखाद्या डब्यात दोन बटाटे राहावेत तसे. मग बऱ्याच वेळाने, हे दोघे फारच नगण्य आहेत अशी त्यांची खात्री पटली असावी. एकेक जण आपल्या कामाला लागला. मी टोपलीच्या जाळीला डोळा लावला. घरटं हाताच्या अंतरावर होतं.

आणि मग जे पाहिलं ते आमच्या साहेबांच्या खोलीत कोणी कधी पाहिलं नव्हतं. आई घरट्यावर बसलेली. एक पक्षी आला, अळी भरवून गेला. म्हटलं, बाप. मग दुसरा आला, शेपटीचं पीस तुटलेला. तो भरवून गेला. मग एका पायाने लंगडणारी एक. मग एक पोरगेलासा, गळा अजून धड पिवळा न झालेला, त्याने अळी पिल्लाच्या डोळ्यात घातली, मग चोचीत. रांग लागली होती. आत्या, मामा, मावश्या, थोरली भावंडं, कोण कोण देव जाणे. आणि सगळे एकमेकांशी कचाकचा भांडत होते.

मग आई उठली. पिसं विस्कटलेली, डोळा तांबारलेला. पिल्लं चोची वासून ओरडत होती. ती घरट्याच्या काठावर उभी राहिली, वाकली, आणि एका पिल्लाचा पाय चोचीत धरला. मावशी, कॅमेऱ्यात पाहिलेलं तेच. तीच मान, तोच वाकडा कोन. पिल्लू अर्धं बाहेर आलं, लोंबायला लागलं, खाली शाळेची फरशी. मी वायरमनचा हात धरला, त्याने माझा. ओरडावं तर ती सोडून देईल, न ओरडावं तरी सोडेल. इतक्यात ती लंगडी आली. भरवायला नाही, रिकाम्या चोचीने आली. आली आणि सरळ आईच्या अंगावर बसली. ढकललंन तिला, चक्क खांद्याने ढकललंन. आईच्या चोचीतून पिल्लू सुटून काठावर आपटलं, आणि लंगडीने ते छातीने आत रेटलं आणि वर फतकल मारून बसली. आई थोडा वेळ काठावर खुळ्यासारखी उभी राहिली. मग उडून नदीकडे गेली. पाणी प्यायली असेल, एखादी अळी स्वतः खाल्ली असेल. बऱ्याच वेळाने आली ती पिसं नीट करून, आणि लंगडीला हुसकून पुन्हा बसली. जसं काही झालंच नाही.

“दमली होती बिचारी,” वायरमन हलक्या आवाजात म्हणाला. “आमच्या घरी पण धाकटं आहे.”

मी रडत होते. आम्ही त्या आयांना एकेका नराबरोबर वेगळ्या खोलीत कोंडलं होतं, पडदे लावून, शांततेत, आणि त्यांना ऊठ म्हणणारं तिसरं कोणी ठेवलंच नव्हतं.

पंप दुरुस्त होऊन आम्ही खाली आलो. मोठ्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, घरटं आहे का. मी काही बोलायच्या आत वायरमनच म्हणाला, “आहे. पोरं आहेत त्यात. फांदी आज नाही तुटायची.” मग दोघांचं बराच वेळ वाजलं. बाईंचं म्हणणं, माझ्याही पोरांच्या डोक्यावर ठिणग्या पडतात. शेवटी वायरमनने शाळेकडची तार तोडून टाकली, पिल्लं उडाली की नवी तार दुसऱ्या बाजूने ओढायची असं ठरलं, आणि तोवर शाळेला वीज नाही. त्या उकाड्यात मोठ्या बाई पुठ्ठ्याने वारा घेत व्हरांड्यात फिरायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी पिल्लं उडेपर्यंत तिथे राहिले. उडाली त्या दिवशी बाईंनी घंटा वाजवून शाळा बाहेर काढली आणि सगळ्यांना वर बघायला लावलं. मला उभं राहा असं कोणी म्हणालं नाही, पण मी निकालाला उभी राहिल्यासारखी उभी होते.

परत येऊन साहेबांना सांगितलं की पडदे काढा, जोड्या मोडा, सगळ्यांना एका मोठ्या पिंजऱ्यात सोडा. साहेब म्हणाले, मारामाऱ्या होतील, एखादा मेला तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. पुढचे कितीतरी दिवस मी पिंजऱ्याबाहेर स्टूल टाकून बसले होते. मारामाऱ्या झाल्या, पिसं उडाली, एकाची टोपी निम्मी उपटली गेली. दर किंचाळीला मी स्टुलावरून उठून सगळ्यांना मोजायची. मग हळूहळू ते आपापसात ठरत गेलं, कोण कोणाच्या शेजारी बसणार, कोणाला आधी आंघोळ. एका मादीने घरटं केलं. पिल्लं निघाली. एक दुसऱ्या दिवशी गेलं, ते मीच उचललं, आणि खूप रडले. पण ते घरट्यात मेलेलं होतं, खाली टाकलेलं नव्हतं. बाकीची वाढली. परवा उडाली. त्या वेळी सगळा पिंजरा असा हसला की वाघाच्या विभागातली माणसं धावत आली, काय झालं म्हणून.

असो. फार लांबलं. काकांच्या तब्येतीला जपावं, तू जिना जपावा, आणि दोघांनी मिळून मला शिव्या द्याव्यात, पण मनातून नकोत. आणखी काय लिहिणार, तुला सगळं माझ्याआधीच कळतं.

तुझी भाची

ता.क. एक सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, धीर होत नव्हता. मला दिवस गेले आहेत. आधी ओळखलं ते डॉक्टरीणबाईंनी, पिंजऱ्यात अळ्यांचा डबा उघडल्यावर माझं तोंड बघून. चष्मेवाले आनंदाने रोज दुकानात चुकीचे नंबर देतायत. सगळे म्हणतात, या वयात, केवढं भाग्य! मी हो हो म्हणते आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून उभी राहते. मावशी, मला फार भीती वाटते आहे. तू ये. चार दिवसांसाठी नको, राहायला ये. काकांनाही आण. मी दमले की मला ऊठ म्हण.

ता.क. २. आईलाही हेच पत्र लिहिलं आहे. ‘मावशी’च्या जागी ‘आई’ घातलं आणि काकांच्या जागी बाबा, बाकी तेच. तुम्ही दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नाही हे मला ठाऊक आहे. कशावरून बिनसलं ते तुम्हालाही आता नीट आठवत नसणार, पण तो माझा विषय नाही. माझं घर लहान आहे. खोली एकच मिळेल.

ता.क. ३. तुझं पत्र पेटीत टाकायच्या आधीच आईला तिचं पोचलं आणि तिचा फोन आला. मावशी येत असेल तर मी येणार नाही, असं म्हणाली. मी सांगून टाकलं की मावशी येत नाहीये. तेव्हा तू येच. आई रविवारी सकाळच्या गाडीने पोचते आहे, तुझी गाडीही त्याच वेळेला पोचेल अशी बघ. तुम्हाला घ्यायला मी काही येणार नाही, चष्मेवाल्यांना पाठवते. दोघी येताय हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.